सत्तावीस वर्षांनी पुन्हा 'वॉर अँड पीस', आणि समासातली माझीच पेन्सिल

तळ्याकाठची (ठाणे)

आमची नौपाड्यातली बिल्डिंग पुनर्विकासाला गेल्यापासून आम्ही पाचपाखाडीत भाड्याने राहतोय. निम्मं सामान अजून खोक्यांत आहे. जूनमध्ये 'किचन ३' लिहिलेलं खोकं फोडलं तर पुरणयंत्राखाली 'वॉर अँड पीस' निघालं. मॉड पती-पत्नीचं इंग्रजी भाषांतर, पाठीचा कागद गेलेला, मधली दहाबारा पानं सुटी झालेली. पुस्तक सापडलं नव्हतं तेव्हाच बरं होतं, कारण मग पुरण राहिलं बाजूला.

पहिल्यांदा वाचलं १९९७ च्या उन्हाळी सुट्टीत. मी बावीस वर्षांची, एम.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी. पुस्तक फाउंटनच्या फुटपाथवरून घासाघीस करून साठ रुपयांना आणलेलं. गॅलरीत कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या कावळ्यांपासून राखायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे खुर्ची टाकून दिवसभर वाचायचा परवानाच. तेवीस दिवसांत संपवली. 'संपवली' म्हणजे काय ते सांगते पुढे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चार खंड आणि दोन भागांचा उपसंहार, मिळून ३६१ प्रकरणं. १८०५ साली पीटर्सबर्गमधल्या एका बैठकीत सुरू होते, जिथे रशियन उमराव फ्रेंच भाषेत नेपोलियनला नावं ठेवतायत. (इंग्रजी शाळेच्या पालकसभेत मराठी आईबाप जसे एकमेकांशी बोलतात, तसं.) तिथून ऑस्टरलिट्झ आणि बोरोदिनोच्या लढाया, मॉस्कोची आग आणि त्यानंतरची काही वर्षं. टॉलस्टॉयने सुरुवातीचे भाग १८६५ पासून मासिकात क्रमशः छापले, पूर्ण झाली १८६९ मध्ये. पाचशेच्या वर माणसं, आणि एकेकाला तीनतीन नावं.

तर 'संपवली' म्हणजे मी लढाया चाळल्या. उपसंहाराच्या दुसऱ्या भागात गोष्ट थांबते आणि टॉलस्टॉय इतिहास कोण घडवतं यावर व्याख्यान देतो, तो भाग तर उघडलाही नाही. उरलेल्या पुस्तकात मी नताशा होते. रात्री खिडकीत बसून चांदणं बघते आणि म्हणते की गुडघे पोटाशी घट्ट धरून असं उडून जावंसं वाटतंय, ते पान मी इतक्यांदा वाचलं की सुटं झालेलं पहिलं पान तेच. त्या प्रसंगात खोलीत आणखी एक मुलगी आहे. ती म्हणते, अगं झोप आता, पडशील खाली. ती सोन्या.

सोन्या म्हणजे रोस्तोव्हांच्या घरात वाढलेली नात्यातली गरीब मुलगी. घरातल्या मोठ्या मुलावर, निकोलायवर, तिचं लहानपणापासून प्रेम. त्याने शब्दही दिलेला. पुढे घर कर्जात बुडतं आणि त्याच्या आईला सून हवी असते पैशाची. मग सोन्यावर दबाव, टोमणे, शेवटी डोळ्यांत पाणी आणून विनवणी, की तूच त्याला मोकळं कर. ती तसं पत्र लिहिते. निकोलाय श्रीमंत मारियाशी लग्न करतो आणि सोन्या त्यांच्याच घरी राहते. उपसंहारात सगळं गोकुळ जमलंय, मुलंबाळं, गप्पा, आणि थकलेली सोन्या सामोवारपाशी बसून चहा ओततेय.

बावीस वर्षांच्या मला ही मुलगी असह्य झाली होती. हे मला आठवत नव्हतं, पेन्सिलीने सांगितलं. समासात जागोजागी माझंच अक्षर. 'काय ही रड.' 'पुन्हा आली.' नताशा अनातोल नावाच्या तरुणाबरोबर पळून जायच्या बेतात असताना सोन्याला त्याची चिठ्ठी सापडते आणि तिच्यामुळे तो बेत फसतो, तिथे 'चोंबडी!' असं लिहिलंय. या वेळी वाचताना दिसलं की तो अनातोल आधीच लग्न झालेला आहे. सोन्याला ते माहीत नाही, तिला एवढंच कळत नाही की या मुलाने घरी येऊन उघड मागणी का घातली नाही. सगळ्या घरात हा साधा प्रश्न पडलेली ती एकटी.

आणखी एक. नताशा पहिल्यांदा नाचाला जाते तो प्रसंग मला तोंडपाठ आहे असं मी समजत होते. पांढरा जाळीचा पोशाख, खाली गुलाबी रेशीम, पोलक्यावर गुलाब. या वेळी वाक्य नीट वाचलं. पोशाख दोघींचा आहे. दोघींचा अगदी सारखा. मी तेव्हा एकच पाहिला होता.

आणि मग उपसंहारातलं ते पान. नताशा मारियाला म्हणते की सोन्या म्हणजे फळ न धरणारं फूल आहे, स्ट्रॉबेरीच्या वेलीवर काही असतात तसं. तिची कधी कधी कीव येते, पण आपल्याला वाटलं असतं तसं तिला वाटत नसणार. त्या ओळींना मी समासात उभी रेघ मारलीय आणि लिहिलंय 'अगदी बरोबर!!' दोन उद्गारचिन्हं.

आमच्याकडे अक्का होती. होती म्हणजे, आहे. बाबांची चुलत बहीण. आईवडील गेल्यावर अकराव्या वर्षी राजापूरकडून ठाण्याला शाळेसाठी आली आणि इथलीच झाली. आमचे डबे, आजीचं आजारपण, माझ्या भावाचा जन्म, दोन खोल्यांत होईल ते सगळं तिने केलं. दुपारी साड्यांना फॉल-बीडिंग करायची, त्या पैशांचं काय व्हायचं हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. तिचं लग्न 'राहिलं'. आमच्याकडे क्रियापदच तसं होतं, जसं दळण राहिलं, दूध आणायचं राहिलं.

त्या दोन उद्गारचिन्हांच्या दुपारीही चारला चहा आला असणार, आणि अक्कानेच आणला असणार. मला आठवत नाही.

तुम्हाला विचारायचंय ते असं: आवडतं मोठं पुस्तक पुष्कळ वर्षांनी परत वाचताना कधी असं झालंय का, की पुस्तक चांगलंच आहे पण आपण तेव्हा कसे होतो ते बघून कान गरम झाले?

---

खारघरचा_खवट

तै, लेखन आवडलं, पुस्तक झेपणार नाही. दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा त्या पहिल्या बैठकीतच अडकलो. पाहुणे येतच राहतात. वास्तुशांतीला गेल्यासारखं झालं, कोण कोणाचा साडू हे कळेपर्यंत पंगत उठली.

आणि एक शंका. आवडलं होतं ना तेव्हा? मग विषय संपला. न वाचलेली पन्नास पुस्तकं घरात धूळ खात असताना जुनंच उकरून वाईट वाटून घ्यायचं म्हणजे हौस आहे.

---

शाई (ऐरोली)

तळ्याकाठची, सोन्याबद्दल सगळं मान्य, पण तू आता नताशावर अन्याय करायला निघाली आहेस असा मला दाट संशय आहे. :)

मी उलट दिशेने आले. कॉलेजात असताना उपसंहार वाचून पुस्तक अक्षरशः भिरकावलं होतं. चांदण्यात उडू पाहणारी मुलगी शेवटी जाडजूड, अवतारात, बाळाचं लंगोट घेऊन बैठकीत येते आणि दाखवते की बघा, आता हिरवा नाही, पिवळा डाग आहे! तेव्हा वाटलं, टॉलस्टॉयने तिला शिक्षा केली. माझ्या डायरीत त्या दिवशी 'म्हातारा खडूस' एवढंच आहे. (तो तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता हे नंतर कळलं.)

गेल्या वर्षी बाळंतपणाच्या रजेत ऐकलं परत. माझ्या लेकाचं पोट आठ दिवस बिघडलेलं होतं. नवव्या दिवशी पहाटे चार वाजता मी डायपर घेऊन नवऱ्याला उठवलं आणि म्हटलं, बघ, पिवळी! तो कुशीवर वळून झोपला. मला नताशाच्या नवऱ्यापेक्षा, पिएरपेक्षा, टॉलस्टॉय जवळचा वाटला त्या क्षणी. एवढ्या युद्धाच्या पुस्तकात ही बातमी आहे हे ज्याला सुचलं तो घरात वावरलेला माणूस आहे. अर्थात त्याच्या घरात लंगोट कोण धूत होतं ते वेगळं. बायकोने, सोफियाने, या कादंबरीची हस्तलिखितं रात्री जागून पुन्हा पुन्हा नकलून काढली होती, आणि त्याच वर्षांत तिची बाळंतपणंही चालूच होती.

आणि त्या फळ न धरणाऱ्या फुलाबद्दल. ते वाक्य नताशाच्या तोंडी आहे हे विसरू नकोस. त्याच पानावर लेखक स्वतः असंही लिहितो की सोन्या सगळ्यांची उस्तवार करते, आणि ती सेवा घरातले नकळत घेत राहतात, पुरेसे आभार न मानता. म्हणजे त्याला दिसत होतं.

---

तळ्याकाठची

शाई, दिसत होतं, हो. पण त्याच्या पुढचंमागचं वाच. ती मांजरासारखी आहे म्हणतो, माणसांना नव्हे तर घराला धरून राहिलेली. आभार कमी पडले हे लिहायचं आणि लगेच मांजर म्हणायचं.

खवट, वास्तुशांतीसाठी ठ्ठो! उत्तर असं की मी वाईट वाटून घ्यायला वाचत नव्हते. मी नताशाला भेटायला गेले होते, दार दुसऱ्याच कोणी उघडलं.

---

घोडबंदरकर

या वेळी वाचलेली नाही, ऐकलेली आहे. साठेक तासांचं ऑडिओबुक, गायमुख ते मानपाडा. तीन महिने पुरेल वाटलं होतं, पावसाळ्यात दीड महिन्यात संपलं, यावरून वाहतुकीची कल्पना करा.

मी पहिल्यांदा वाचली ती इंजिनिअरिंगला, तळ्याकाठची यांच्या बरोब्बर उलट. लढाया वाचल्या, बायकांची पानं उलटली. नकाशे काढले होते वहीत. तेव्हा मला टॉलस्टॉयचा राग यायचा, की हा सेनापतींना मूर्ख का ठरवतोय? ऑस्टरलिट्झच्या आदल्या रात्री तो ऑस्ट्रियन जनरल वायरोथर पहिली तुकडी इकडून, दुसरी तिकडून असं वाचत सुटलाय आणि रशियाचा म्हातारा सेनापती कुतुझोव्ह चक्क घोरतोय. बोरोदिनोला नेपोलियनचे लेखी हुकूम एकेक करून घेतो आणि दाखवतो की त्यातला एकही अमलात आला नाही, येऊ शकतच नव्हता. मला वाटायचं, नियोजनाचा अपमान आहे हा.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मी नोकरीला नवा, एका नियंत्रण कक्षात ड्यूटीवर. कोणाचा ते सोडा. भिंतीवर सुंदर आराखडा होता, कुठला पंप कधी, कुठली टीम कुठे. दुपारी तीननंतर फोन गेले. आम्ही रात्रभर हुकूम लिहीत होतो. रजिस्टरमध्ये वेळ टाकून, सही करून. बाहेर ते कोणाला मिळत नव्हते. कळवलं असं आम्ही लिहायचो, कळलं का ते कोणी लिहीत नव्हतं.

एका नाल्यावर एक पंपवाला होता. त्याला निघून ये असा निरोप गेला होता. म्हणजे आम्ही लिहिला होता. तो पोचला नाही, कारण ज्याला पाठवला तो गुडघाभर पाण्यातून अर्ध्या वाटेवरून परत आला आणि घाबरून काही बोलला नाही. पंपवाला रात्रभर पंप चालवत राहिला. पहाटे पाणी वाढल्यावर दोन पंप सोडून एकाचं इंजिन तेवढं वाचवून आला. आठवड्याने त्याला नोटीस. दोन पंप का सोडले, कारणे दाखवा.

आता कॅप्टन तुशिनचा भाग ऐका ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी. शॉनग्राबेनची लढाई, पहिल्या खंडात. त्याच्या तोफा विसरून सगळे मागे जातात, माघारीचा हुकूम घेऊन आलेला अधिकारी तोफगोळ्यांना घाबरून लांबूनच ओरडतो आणि पळतो, तुशिन आपला लढत राहतो, आणि संध्याकाळी त्याला झाडतात की दोन तोफा मागे का राहिल्या. आपल्याला पाठबळच नव्हतं हे तो सांगू शकला असता. दुसरा कोणी अडचणीत येईल म्हणून सांगत नाही. ओशाळून उभा राहतो फक्त.

मी गाडी सर्व्हिस रोडला घेतली आणि थांबलो जरा. कादंबरीत प्रिन्स आंद्रे हा अधिकारी उठतो आणि सगळ्यांसमोर सांगतो की आजचा दिवस या माणसामुळे निभावला. आमच्याकडे त्या चौकशीत मी पण खोलीत होतो. नवा होतो, म्हटलं ना.

---

मिसळ_पाहिजे

वाचनखूण साठवली आहे. अवांतर: ठाण्याचा धागा, एवढे प्रतिसाद, आणि अजून मामलेदारच्या मिसळीचा उल्लेख नाही? निषेध.

---

कोपरीची_पोर

घोडबंदरकर, प्रतिसाद वाचून पाच मिनिटं काही टंकता आलं नाही.

माझं पुस्तक वेगळं आहे. 'मृत्युंजय'. आठवीत असताना मी कर्णासाठी इतकी रडले होते की आईने पुस्तक कपाटावर ठेवलं. मागच्या दिवाळीत परत हातात घेतलं. भाषा आता मला जरा जास्तच अलंकारिक वाटली, ते जाऊ दे. पण कर्ण हस्तिनापूरला निघतो तेव्हा धाकटा शोण रथामागे धावत सुटतो ना, तिथेच मी थांबले. कादंबरीत शोणाला स्वतःचं वेगळं निवेदन आहे, कुंती, वृषाली, दुर्योधन यांच्यासारखंच. आठवीत ते कधी वाचलं ते आठवतसुद्धा नाही. मी तीन बहिणींतली मधली. कोणाच्या तरी मागे धावण्यात माझी दहावी गेली, तरी मी मोठ्याच्याच बाजूने रडत होते.

---

वाशीचे_नाना

थोडा उशिरा आलो. नातीचे 'प्रोजेक्ट' होते.

ताई, तुमच्या लेखातला एक धागा पुढे नेतो. मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सवयीने आधी माणसे कुठून आली ते पाहतो. टॉलस्टॉयची आई तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वारली. त्याला वाढवले ते तात्याना येर्गोल्स्काया या बाईंनी. या त्याच्या वडिलांच्या लांबच्या नात्यातल्या, त्याच कुटुंबात आश्रिताप्रमाणे वाढलेल्या. त्यांचे त्याच्या वडिलांवर, म्हणजे निकोलाय टॉलस्टॉयवर, प्रेम होते. घर कर्जात असल्यामुळे निकोलायचे लग्न मारिया वोल्कोन्स्काया या श्रीमंत सरदारकन्येशी झाले. कादंबरीत निकोलाय, मारिया बोल्कोन्स्काया. आडनावाचे एक अक्षर फक्त बदलले आहे! मारिया गेल्यावर निकोलायने तात्यानाबाईंना लग्नाचे विचारले. त्यांनी नकार दिला, पण मुलांना कधी अंतर देणार नाही असे सांगितले आणि ते पाळले. प्रेम करण्यातला आनंद मला त्यांनी शिकवला, अशा अर्थाचे टॉलस्टॉयने म्हातारपणी आठवणींत लिहिले आहे.

आता सालांचा हिशेब करा. कादंबरी पूर्ण झाली १८६९. तात्यानाबाई वारल्या १८७४ मध्ये, यास्नाया पोल्यानाच्या त्याच घरात. म्हणजे सामोवारपाशी बसलेली सोन्या तो लिहीत होता तेव्हा त्याची स्वतःची अक्का बाजूच्या खोलीत होती.

घोडबंदरकर, तुमच्यासाठी दोन गोष्टी. टॉलस्टॉय स्वतः क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला तोफखान्यात होता, आणि लिहिताना १८६७ मध्ये बोरोदिनोचे मैदान पायाखाली घालून आला. त्यामुळे न पोचलेला हुकूम म्हणजे काय ते त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आणि ताई, उपसंहाराचा दुसरा भाग वाचा. मी वर्गात पानिपत शिकवताना तो सांकेतिक निरोप सांगत असे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मुलांना मोती कोण ते पाठ असे, विश्वासराव आणि भाऊ. खुर्दा कोण, असे बत्तीस वर्षांत एकाही पोराने विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही कधी पुढे बोललो नाही. टॉलस्टॉय त्या खुर्द्याची गणती करायला बसला आहे. गणितातल्या कलनाची (कॅल्क्युलसची) उपमा देतो, की लहान लहान असंख्य इच्छांची बेरीज करता आली तर इतिहास कळेल. रटाळ आहे, पुनरुक्ती आहे, पण चष्मा पुसून वाचण्यासारखे आहे.

फिलीच्या झोपडीतली सभा माझी सर्वांत आवडती. मॉस्को सोडायचे की लढायचे हे सेनापती ठरवताहेत, आणि ते आपल्याला दिसते चुलाण्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या मालाशाच्या डोळ्यांनी. तिला शब्द कळत नाहीत. तिला एवढेच वाटते की तो लांब कोटवाला आजोबांशी भांडतोय आणि आजोबांचे बरोबर आहे. माझी नात सहाचीच आहे. तिला हा प्रसंग सांगितला तर तिने विचारले, तिला खाऊ दिला का कोणी? दिला आहे. कुतुझोव्ह चहा पिताना तिला साखरेचा खडा देतो. मी हे विसरलो होतो, तिच्यासाठी परत पान काढावे लागले.

---

तळ्याकाठची

नाना, तात्यानाबाईंचं वाचून मी लॅपटॉप मिटून जरा तलावपाळीला चक्कर मारून आले. तुम्ही म्हणता तो खुर्दा मोजणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातला मोजायची वेळ आली की स्ट्रॉबेरीचं फूल?

---

वाशीचे_नाना

खरे आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

शाई (ऐरोली)

माझ्याकडे अर्धं आहे. ते पत्र परत वाचा. सोन्या निकोलायला मोकळं करते ते निव्वळ त्यागाने करत नाही, तिने त्यात एक गणित मांडलंय. तेव्हा जखमी आंद्रे नताशापाशी आहे, आणि तो वाचेल, दोघांचं लग्न होईल असं तिला वाटतंय. आणि त्यांच्या चर्चच्या नियमाने नताशाने आंद्रेशी लग्न केलं, की निकोलायला आंद्रेच्या बहिणीशी, मारियाशी, लग्न करताच येणार नाही. आपल्याकडे साटंलोटं म्हणून जे कौतुकाने केलं जायचं ते तिथे निषिद्ध! म्हणजे वचनातून मुक्त केल्याचं पुण्य पदरात आणि मुलगा कुठे जाणारही नाही. पुस्तकातली सगळ्यांत चतुर खेळी आहे ती, आणि ती या 'रडूबाई'ने खेळलीय. आंद्रे मेला म्हणून फसली.

ज्या लेखकाने तिला एवढी अक्कल दिली त्याला ती नुसतं मांजर वाटत नव्हती. पुढे तिचं काय करायचं ते मात्र त्याला सुचलं नाही.

---

खारघरचा_खवट

बरं. हरलो. भाषांतर कुठलं घेऊ ते सांगा, आणि मराठीत चर्चा नको, सरळ नाव.

---

घोडबंदरकर

मॉड घे. १९२२-२३ चं आहे, आणि ते दोघं टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखत होते. पिव्हिअर-व्होलोखोन्स्कीचं २००७ चं पण चांगलं आहे, पण त्यात फ्रेंच संवाद फ्रेंचमध्येच ठेवून अर्थ तळटीपेत दिलाय. तू आधीच बैठकीत अडकणारा माणूस, तळटिपांत गाडला जाशील.

पहिली शंभर पानं नावांची चिठ्ठी करून पुस्तकात ठेव. पाहुणे जातात नंतर. शपथ.

---

कोपरीची_पोर

तळ्याकाठची ताई, विचारू की नको करत होते. अक्का आता कुठे असतात? त्यांना सांगितलंत का हे?

---

तळ्याकाठची

आमच्याकडेच असते. एकोणऐंशी पूर्ण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षर दिसत नाही. फॉल-बीडिंग सुटून दहा वर्षं झाली.

सांगितलं म्हणजे, माफी वगैरे मागायला गेले असते तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. म्हणून एका संध्याकाळी भाजी निवडताना गोष्ट म्हणून सांगितली. अशी एक मुलगी, नात्यातल्यांकडे वाढली, तिने मुलाला मोकळं केलं, मग त्याच्याच संसारात राहिली, सगळ्यांना चहा करून द्यायची.

अक्काने मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाली, "पगार देत होते का तिला?"

मी म्हटलं, नाही गं, घरचीच होती.

"हं," म्हणाली, आणि परत मेथी निवडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग स्वतःचा कप तरी आधी ओतायचा तिने. गरम असताना."

मला फॉल-बीडिंगच्या पैशांचं विचारायचं होतं, ते त्या दिवशी जमलं नाही. पुढच्या आठवड्यात तिनेच सांगितलं, विचारलं नसताना. पोस्टात ठेवायची. आमच्या बिल्डिंगच्या शेअर सर्टिफिकेटवर जे बाबांचं नाव आहे, त्या खोल्यांसाठी १९७८ साली भरलेल्या पैशांत तिचे सातशे रुपये होते. कोणाला माहीत आहे, विचारलं तर म्हणाली, तुझ्या आजीला माहीत होतं. आजी जाऊन तीस वर्षं झाली.

बिल्डरकडे कागदपत्रं द्यायचीत पुढच्या महिन्यात. मी भावाला फोन केलाय. तो 'बघू' म्हणाला. बघू.

---

घोडबंदरकर

'बघू' वर थांबू नका. लेखी करा, सही घ्या, आणि कळलं का ते पण लिहून घ्या.

---

तळ्याकाठची

हो. :)

आणि हे शेवटचं, खूप अवांतर झालंय. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते आठ मी तिला कादंबरी पहिल्यापासून वाचून दाखवतेय, म्हणजे इंग्रजी बघत मराठीत सांगत. मालिका बघायची सोडलेली नाही तिने, साडेआठला मला उठवते. लढाया मी गाळणार होते, तिने गाळू दिल्या नाहीत. तुशिनच्या वेळी म्हणाली, हा चांगला आहे, याला जेवायला दिलं का. नाना, तुमच्या नातीशी जमेल तिचं.

नावांचा मात्र घोळ आहे. पहिल्या दिवशी सोन्या आली तेव्हा अक्का हसायलाच लागली. "सोन्या? हे काय मुलीचं नाव? आपण सोनी म्हणू."

तर आमच्याकडे ती सोनी आहे. काल मुखवट्यांची रात्र झाली, सोनीने जळक्या बुचाने मिशा काढल्यात, निकोलाय तिला बर्फात कोठाराजवळ भेटतो. अक्का खूश आहे. पुढे काय होतं ते मेथीच्या दिवशी मी सांगितलं होतं, पण ती हीच मुलगी हे तिच्या लक्षात आलेलं नाही, किंवा आलंय. रोज पुस्तक मिटताना विचारते, सोनीचं लग्न कधी आहे, आणि मी म्हणते, अजून सहाशे पानं आहेत गं.